किरकोळ सुधारणा

कंपनीत आला तेव्हा त्याचं नाव ‘उकल’ होतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यानं खुद्द मालकांची, म्हणजे तय्यब मुजावर सरांची, एक जुनी चूक भर मीटिंगमध्ये सगळ्यांना साध्या मराठीत समजावून सांगितली, आणि तेव्हापासून अख्खं ऑफिस त्याला कळलाव्या म्हणायला लागलं. सरसुद्धा तेच म्हणू लागले. सरांचा स्वभावच तसा. स्वतःवरचा विनोद दुसऱ्या कुणी करायच्या आत ते आपणच करून मोकळे व्हायचे.

कंपनीचं नाव ‘कानगोष्ट’. इचलकरंजीत ज्यांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला त्यांचे कान वेळेआधीच जातात, हे गावातल्या कुणालाही सांगायला नको. अशा कानांसाठी ही कंपनी शेंगदाण्याएवढं एक यंत्र बनवायची. ते कानात बसवलं की मागांचा गोंगाट बाजूला सारायचं आणि माणसाचा आवाज तेवढा उचलून आत सोडायचं. बाहेरच्या बाजूला बारीकसा दिवा. हिरवा असला की समजायचं, माणूस ऐकतोय. लाल असला की बंद. गावात आणि आसपास चाळीस हजार लोक ते वापरत होते.

यंत्राचं सॉफ्टवेअर लिहायची त्रिशला मगदूम. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती परस्पर सगळ्यांच्या कानात जाऊन बसायची, आणि सोबत एक रिलीज नोट द्यावी लागायची. म्हणजे काय बदललं त्याची माहिती. त्रिशला कोड लिहिण्यात जितकी वाघीण, तितकीच हे लिहिण्यात आळशी. इतकी वर्षं तिनं दर वेळी एकच वाक्य चिकटवलं होतं: ‘या आवृत्तीत किरकोळ सुधारणा व दोषदुरुस्ती केली आहे.’ त्या एका वाक्याखाली तिनं काय काय झाकलं होतं, ते तिचं तिला ठाऊक.

मग नवा कायदा आला. अंगावर वापरायच्या कुठल्याही यंत्रातला प्रत्येक बदल ते वापरणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगायचा. काही गाळायचं नाही. आणि ज्यानं बदल केला त्यानंच ते लिहायचं नाही. म्हणून कंपनीनं आणलेला हा प्रोग्रॅम, कळलाव्या.

कोड वाचून काय बदललं ते सांगणारी यंत्रं पूर्वीही होती. पण गंमत अशी की कोडात ‘काय’ लिहिलेलं असतं, त्यानं माणसाचं काय होणार ते कुठंच लिहिलेलं नसतं. एका ओळीत शून्याचा एक केला, एवढं सांगून कुणाला काय कळणार? कळलाव्या निराळी युक्ती करायचा. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी चालू करायचा आणि दोन्हींत हजारो काल्पनिक माणसं सोडायचा. कुणी मागावर उभं, कुणी लग्नाच्या मांडवात, कुणी बायकोसमोर जेवायला बसलेलं. प्रत्येकाचा तोच दिवस दोन्हीकडे जगवून बघायचा. जिथं दोन दिवसांत फरक पडेल तिथं बोट ठेवायचं, तो कुठल्या ओळीमुळं पडला ते मागं मागं जात शोधायचं, आणि आजूबाजूच्या टिपा नि चाचण्या वाचून तो कशासाठी केला असेल याचा अंदाज बांधायचा. नावं मात्र तो घेत नसे. तेवढी दया त्याच्यात होती.

पहिल्या नोटेत आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांचा उलगडा करावा, असं कायद्यातच होतं. त्याप्रमाणं गुरुवारी त्यानं मसुदा तयार केला, आणि तो मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर आला.

‘नमस्कार. बटण थोडा जास्त वेळ दाबून धरलं की तुमच्या यंत्राचं ऐकणं बंद होतं, पण दिवा हिरवाच राहतो. त्यामुळं समोरच्या माणसाला वाटतं, तुम्ही ऐकताय. हा दोष कंपनीला माहीत होता. आता दिवा लाल होईल.’

ऑफिसात हशा पिकला. कारण हा दोष कंपनीलाच काय, गावातल्या प्रत्येक नवऱ्याला माहीत होता. चहाच्या गाड्यावर त्याला नावसुद्धा होतं: हिरवी समाधी. घरी कटकट सुरू झाली की कान खाजवल्यासारखं करायचं, बटण दाबायचं, आणि दिवा हिरवा ठेवून मुंडी हलवत बसायचं. मुजावर सरांनी आपला कानाकडं गेलेला हात हळूच खाली घेतला.

‘दुसरं,’ पडद्यावर पुढं उमटलं, ‘चाळीस हजार यंत्रांपैकी एका यंत्रात, ऐकणं बंद असतानाही एका व्यक्तीचा आवाज आत पोचतो. फक्त एकीचाच. ही सोय बहुधा प्रेमापोटी केलेली असावी. त्या व्यक्तीला हे ठाऊक असल्याचं कुठंही दिसत नाही.’

सगळे पुन्हा हसले. त्रिशला हसली नाही. ती सोय तिनंच केली होती.

त्याचं असं झालं होतं. तिचे वडील नेमिनाथ मगदूम, गावात सगळ्यांचे आप्पा, उभा जन्म जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. दोनेक वर्षांपूर्वी त्रिशला हिरव्या दिव्याचा दोष काढायला बसली, तेव्हा ते भडंगाची पिशवी घेऊन थेट ऑफिसात हजर झाले.

“ते दुरुस्त करू नगंस,” ते म्हणाले होते.

“आप्पा! तुम्ही पण समाधीतलेच?”

“आगं ऐक तर. तुझी आई मी ऐकतोय असं दिसलं की काय बोलती? गॅस संपला, नळ गळतोय. पण परवा माझं बटण नीट दाबलं गेलं न्हाई. तिला वाटलं, गेला ह्यो समाधीत. आणि मग आपली हळूहळू बोलाय लागली. स्वयंपाक करता करता, माझ्याशीच. काय बोलली म्हणून सांगू! इतक्या वर्सांत असं कधी बोलली न्हाई गं.”

त्यांचे डोळे भरून आले होते. त्रिशलानं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

“मग बटण न दाबताच नुसतं सोंग करा की,” ती म्हणाली.

“केलं की. पण शेजारचे माग, टीव्ही, रिक्षा, सगळा गलका आत येतोय. ती पुटपुटती. त्यात तिचं बोलणं वाहून जातं. बाकी सगळं बंद कर आणि तेवढं एक येऊ दे. जमतंय का बघ.”

न जमायला काय झालं? प्रत्येक आवाजाचा बोटाच्या ठशासारखा एक ठसा असतो. आईच्या आवाजाचा ठसा तर घरातच होता. दुपारभराचं काम. त्रिशलानं ते केलं, आणि नोटेत लिहिलं: किरकोळ सुधारणा.

आता ती सुधारणा कळलाव्या चाळीस हजार कानांत बोलून दाखवणार होता. त्यात एक कान आईचा. मागांसाठी सुताच्या कांड्या भरून भरून तिचेही कान गेले होते आणि तिच्याही कानात कानगोष्ट होतं.

त्रिशलानं पहिल्यांदा जे कुणीही केलं असतं तेच केलं. कोडातली ती ओळच काढून टाकली. कळलाव्यानं लगेच मसुदा बदलला: ‘एका यंत्रात, ऐकणं बंद असतानाही एका व्यक्तीचा आवाज पोचत असे. तो आता पोचणार नाही.’ काढून टाकणं हासुद्धा बदलच! तिनं कपाळावर हात मारला आणि ओळ परत घातली.

“मगदूम,” मुजावर सर मागं उभे होते. “यंत्र कुणाचं?”

“आप्पांचं.”

“आणि आवाज?”

“आईचा.”

सर हसतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. “कुणाचा आवाज असा वेगळा काढून घ्यायचा तर त्यांची संमती लागती. सोमवारी सकाळी आवृत्ती जाईल, तेव्हा यंत्रच तुझ्या आईला विचारंल. त्या न्हाई म्हणाल्या तर बंद. पण त्याआधी घरी सांग. यंत्राकडनं कळायच्या आधी माणसाकडनं कळू दे.”

आप्पांना तिनं त्याच संध्याकाळी गाठलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

“आता काय गं? तोंड शिवून बसंल ती. परत गॅस आणि नळ.”

“मी सांगू का तिला?”

“नगं. माझं मी सांगतो.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. आप्पा घसा खाकरायचे, “पद्मा, एक सांगायचं होतं,” म्हणायचे, आणि मग पाणी दे, म्हणायचे. रविवारी दुपारी आई दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. त्रिशलानं आप्पांना डोळ्यांनी खुणावलं. आप्पा पुढं झाले, आईसमोर बसले, तोंड उघडलं, आणि ऐन वेळी घाबरून त्यांचा हात कानाकडं गेला. बटण दाबलं. दिवा हिरवाच.

“धन्य आहे,” त्रिशला पुटपुटली.

“बघ, गेलं समाधीत,” आई हसून म्हणाली. “मला काय कळत न्हाई व्हय? पण असू दे. मला बोलायचंच होतं.” आणि ती आप्पांकडं वळली. आवाज एकदम खाली आला, शेंगा सोलायच्या तालावर बोलल्यासारखा.

“अवो, त्या दिवशी बाहुबलीच्या डोंगरावर मधेच थांबलासा आणि म्हणालासा, गाव कसं दिसतंय बघतोय. गुडघं दुखत होतं की न्हाई? सांगायचं की. मी काय हसणार होते? दम मला बी लागला होता. तुम्ही थांबला म्हणून मला बी थांबाय मिळालं. कारखान्यात असताना रोज रातपाळीवरनं यायचासा, हात काळं, कान बंद, मी काय बोललं ते तुम्हाला कळायचंच न्हाई. मला वाटायचं, म्हातारपणी बोलू. आता म्हातारपण आलं तर हे समाधीत. पण खरं सांगू? तुम्ही समोर बसलाय, एवढं बी लई वाटतंय मला. ऐकताय का? कुठलं ऐकताय म्हणा.”

“ऐकतोय,” आप्पा म्हणाले.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“काय म्हणालासा?”

“ऐकतोय म्हणालो. दोन वर्सं झाली, तू बोललेलं सगळं ऐकतोय. बाकीचं काय बी येत न्हाई, तुझं तेवढं येतंय. पोरीनं करून दिलंय. मीच सांगितलं तिला.”

आई त्यांच्या कानातल्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिली.

“म्हणजे ती निळी छत्री...?” आईनं विचारलं.

“व्हय.”

“तुमच्या बहिणीबद्दल मी जे म्हटलं ते...?”

“ते बी.”

“आणि रुखवताची जुनी घागर मोडीत घालायची न्हाई, असं मी बोलले आणि दुसऱ्या दिवशी ती घासूनपुसून कोनाड्यात...”

“मीच घासली.”

आई उठून उभी राहिली. पदरातल्या शेंगा खाली सांडल्या. तिचा आवाज रागाचा नव्हता, त्याहून वाईट होता.

“मी मनातलं बोलायचे आणि ते घरात घडायचं. मला वाटलं, एवढ्या वर्सांनी का होईना, या माणसाला माझं मन कळाय लागलं. लई सुखात होते हो मी. आणि हे यंत्र होतं!” मग त्रिशलाकडं वळून, “आणि तू गं? चोरून ऐकवाय तुला बी आईच मिळाली?”

त्रिशला खाली सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. खरंच चुकलं होतं.

आईनं स्वतःच्या कानाचं बटण बराच वेळ दाबून धरलं. तिचाही दिवा हिरवाच राहिला. आणि ती आत गेली. रात्री जेवताना वाढलं तेही मुकाट्यानं. “पद्मा, बोल की,” आप्पा तीनतीनदा म्हणाले. उत्तर नाही. पुटपुटणं नाही. भांड्यांचासुद्धा आवाज नाही.

सोमवारी सकाळी आई पिशवी घेऊन बाजाराला निघाली. त्रिशला न बोलता तिच्या मागं गेली. आईला एकटीला सोडवेना. मालनची भाजीची पाटी ऐन गर्दीत होती. आई वांगी निवडत होती, तेवढ्यात आवृत्ती आली.

अख्खा बाजार थबकला. तराजू हातात धरलेले हात तसेच राहिले. शेकडो कानांत एकाच वेळी कळलाव्या बोलत होता. मग चहाच्या गाड्यावरच्या रांगेत एकेक हिरवा दिवा लाल झाला. पहिला, दुसरा, आणि मग भराभर सगळेच.

“आगं बया!” मालन किंचाळली. “म्हणजे हिरव्यात बी बंदच होतं! आणि ह्यो माणूस मुंड्या हलवत होता!”

जो दंगा उसळला तो विचारू नका. बायका कमरेला पदर खोचून गाड्याकडं निघाल्या. पुरुष चहा अर्धा टाकून उठले. कुणी पळतंय, कुणी हात जोडतंय, आणि आजूबाजूचे पोट धरून हसतायत. त्रिशलालाही हसू आवरेना. तेवढ्यात नोटेचा दुसरा भाग सुरू झाला: चाळीस हजारांपैकी एका यंत्रात एकीचाच आवाज पोचतो, ही सोय बहुधा प्रेमापोटी केलेली असावी.

बाजार पुन्हा गप्प झाला, पण या वेळी वेगळा. बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मघाशी खाऊ की गिळू करणारी प्रत्येकजण आता जरा बावरून आपल्या नवऱ्याकडं बघत होती. आणि नवरे? बुडत्याला दोर मिळावा तसे ते त्यावर तुटून पडले.

“मीच तो!” एक रिक्षावाला ओरडला.

“चल हट, तो मी,” चहावाला म्हणाला. “हिला विचारा.”

“आमचंच असणार बाई,” मालन लाजत म्हणाली. “बंद करून बसलं तरी डोळं कसं माझ्याकडंच असत्यात.”

“तुझा कसला?” शेजारची कांदेवाली म्हणाली. “आमचे आहेत ते. अबोल माणूस, पण आतून लई माया.”

त्रिशलानं आईकडं बघितलं. आईचा हात वांग्यांवरच थांबला होता. तिच्या कानात यंत्र तिला एकटीलाच विचारत असणार: तुमचा आवाज त्या यंत्रात पोचू द्यायचा का? हो किंवा नाही म्हणा. आई उत्तर द्यायचं सोडून नुसती त्या बायकांचं ऐकत उभी राहिली.

“आता आमच्या यांना,” मालन पुढं म्हणाली, “समोर उभं राहून ओरडून सांगितलं तरी आणायचं ते विसरत्यात. पण तेवढं सोडलं तर तेच.”

आईनं पिशवी खाली ठेवली.

“उगं काय बी बोलू नका,” ती म्हणाली. “ते आमचे.”

“कशावरनं?” कांदेवालीनं कमरेवर हात ठेवले.

“कशावरनं काय! मी ओट्यापाशी उभी राहून मनाशी म्हटलं, लहानपणी निळी छत्री पाहिजे होती. पावसाळा संपला होता. दुकानदार हसला असंल, तरी निळी छत्री आणली त्यांनी. मी म्हटलं, नणंदेसमोर मला कुणी बोलू देत न्हाई. पुढच्या खेपेला बहिणीला म्हणाले, आधी पद्मा काय म्हणती ते ऐक. माझ्या आईनं रुखवतात दिलेली घागर घासत बसले सकाळभर. तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी!”

बोलता बोलता ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला. ती त्रिशलाकडं वळली, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

“तरिशा, यंत्रानं काय केलं गं? नुसतं ऐकवलं न्हवं?”

“तेवढंच, आई.”

“घागर काय यंत्रानं घासली?”

“नाही.”

“मग काल मी काय येड्यासारखी बोलले!” आई म्हणाली, आणि वांगी तशीच टाकून घराकडं चालू लागली. मालन मागनं ओरडत होती, सगळ्यांना कळू दे गं, सांग की काय काय आणलं! पण आईला आता ऐकायला वेळ नव्हता.

वाटेतच त्रिशलाचा फोन वाजला. मुजावर सर होते. “मगदूम, पळत ये! फोन थांबंनात. सगळ्या गावाला ती दुसरी सोय पाहिजे. नवरे मागायल्यात, बायका मागायल्यात, एक सासूबाई सुनेचा आवाज मागायलीय! आणि कळलाव्या सगळ्यांना सांगायलाय, आधी दोघांची संमती घ्या म्हणून!”

“येते सर. पण आधी घरचं बघून येते.”

आप्पा अंगणात रस्त्याकडं पाठ करून बसले होते. कुणी बोलणारच नसेल तर ऐकायचं तरी कशाला, म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं. दिवा लाल. शेजारचे माग धडधडत होते, त्यांना पत्ता नव्हता. फाटक वाजलं, तेही कळलं नाही.

आई फाटकातच थांबली. दम लागला होता तिला. तिनं दम खाल्ला, मग कानात अजून उत्तराची वाट बघणाऱ्या यंत्राला स्पष्ट म्हणाली, “हो.”

यंत्रानं तिचं उत्तर घेतलं. क्षणभर काहीच झालं नाही.

मग ती अगदी हळू, स्वयंपाक करताना पुटपुटायची तशी म्हणाली, “अवो, मी आले.”

पाठमोरे आप्पा ताठ झाले. गुडघ्यावर हात टेकून उठले, वळले. कानात दिवा लाल, आणि चेहरा असा फुललेला की त्रिशला फाटकाबाहेरच थांबून राहिली.

“आलीस व्हय?” आप्पा म्हणाले. “बोल की मग.”